विंगेतून : डॉक्टरकी सोडली, पण कधी?

गेल्या अंकात नट डॉ. श्रीराम लागूंवर चार ओळींचं टिपण छापलं आणि पत्रं आली ती जवळपास सगळी त्याच विषयावर. म्हणून या महिन्याचं सदर त्यांच्यावरच. 'टिपण फारच तोकडं होतं' एवढंच ज्यांनी कळवलंय त्यांना निराळं उत्तर देत नाही, हे सगळं त्यांच्यासाठीच आहे.

ताई, मुलगा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकेत त्याला बक्षीस मिळालं आणि आता म्हणतो, शिक्षण सोडतो, नाटकच करतो. काही बोलायला जावं तर एकच उत्तर, 'डॉ. लागूंनी नाही का सोडली डॉक्टरकी?' रोज जेवताना वाद. काय सांगू त्याला?
— एक आई, डोंबिवली

तुम्ही काहीच सांगू नका. ज्यांचं नाव तो घेतोय त्यांच्या तारखा तेवढ्या एका कागदावर लिहून द्या.

लागूंचा जन्म १९२७ सालचा, साताऱ्यातला. वडील डॉक्टर. पुण्याला बी. जे. मेडिकलमध्ये शिकताना नाटकाचं वेड लागलं, तुमच्या चिरंजीवांना लागलंय तसंच. पण त्यांनी पदवी घेतली. कान-नाक-घशाचे सर्जन झाले. पुण्यात प्रॅक्टिस केली, पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन आले, मग आफ्रिकेत टांझानियातल्या टाबोरा गावी डॉक्टर म्हणून नोकरी केली. पूर्णवेळ नट झाले १९६९ साली, वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून. वजाबाकी मुलालाच करू द्या. एक्केचाळिशी उलटलेली होती.

आता मधल्या काळात ते काय करत होते, ते त्याला नीट वाचायला लावा. पुण्यात भालबा केळकर आणि मंडळींबरोबर पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. तिथे कानेटकरांचं 'वेड्याचं घर उन्हात' आणि अशी कितीतरी नाटकं. पुढे मुंबईत विजया मेहतांच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेशी संबंध आला. म्हणजे दिवसा दवाखाना आणि संध्याकाळी तालीम, असं जवळजवळ दीड-दोन दशकं चाललं. त्यात एका पैशाची मिळकत नाही. हौशी नाटकात पदरचे जातात, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर मुलाच्या खिशाकडे बघा.

'सगळं सोडून नाटकात आले' हे वाक्य लोक ज्या सुरात म्हणतात, त्याचा मला फार राग येतो. त्यात एका रात्रीत झालेल्या साक्षात्काराचा वास येतो. तसं काही नव्हतं. आपण काय करू शकतो आणि काय नाही, हे पुरतं तपासून झाल्यावर एका वयात आलेल्या माणसाने घेतलेला तो निर्णय होता. आणि तो घेतला तेव्हा हातात कौशल्य होतं, गाठीला अनुभव होता, परत जायला दवाखानाही होता. गेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मी फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करून नाटकं केली, म्हणजे मुख्यतः विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं, नट अडला की त्याला पुढचं वाक्य हळूच सांगायचं. आंतरबँक स्पर्धेच्या तालमी साडेसहाला कॅन्टीनमध्ये टेबलं बाजूला सारून सुरू व्हायच्या आणि कर्जतवाल्यांची शेवटची गाडी चुकू नये म्हणून दहाला मोडायच्या. आमच्यातले दोघं-तिघं पंचविशीत नोकरी सोडून व्यावसायिक नाटकात गेले. एकाचं नाव झालं. बाकीचे नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, किती मिळते आणि महिन्यात प्रयोग किती लागतात, याचा गुणाकार करत राहिले. तो गुणाकार तुमच्या मुलाने आत्ताच करावा. आज नाटकावर घर चालवणारे नटही मालिकेच्या चित्रीकरणातून तारखा काढून प्रयोगाला धावतात, मढ आयलंडहून दादर गाठताना त्यांचा जीव कसा वर-खाली होतो, ते त्यालाच एखाद्याला विचारू दे.

पण एक तुम्हालाही सांगते. 'नाटक म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग' असं जेवताना म्हणत असाल, तर ते बंद करा. त्याच्या वाद घालण्यात निम्मं ते वाक्य आहे. तालमीला जाऊ द्या, परीक्षेच्या महिन्यात सोडून. पदवी आणि इंटर्नशिप होऊ द्या. त्यानंतरही तो हेच म्हणाला, तर तेव्हा मला लिहा. तेव्हाचं उत्तर कदाचित वेगळं असेल.

मी वीस वर्षांचा आहे. आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेत सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं काम करतोय. सगळे म्हणतात, 'खोटं वाटतं.' लागूंनी 'नटसम्राट' कसं केलं असेल? काही युक्ती?
— एक विद्यार्थी, माटुंगा

आधी केसांतली टाल्कम पावडर काढ. स्पॉटखाली मान हलवलीस की ती धुरासारखी उडते आणि पहिल्या तीन रांगांना म्हातारा पेटलाय असं वाटतं.

आता मुद्द्याचं. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० ला मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात झाला. नाटक वि. वा. शिरवाडकरांचं, संस्था दि गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, नायकाची बायको कावेरी झाल्या होत्या शांता जोग. आणि साठी उलटलेले गणपतराव बेलवलकर उभे करणारे लागू त्या दिवशी त्रेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे म्हातारपण त्यांच्याकडेही नव्हतं. तुझ्यापेक्षा थोडं जवळ होते, एवढंच.

मी ते नाटक पुढे शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतून पाहिलं. प्रॉम्प्टरची खोड अशी की नाटक बघताना कानच जास्त चालतात. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. तुझ्या वयाची मुलं वाक्य जोरात सुरू करतात, मध्ये दम संपतो आणि जे सांगायचं तेच गिळतात. 'मी त्या घरात पुन्हा पाऊल...' पुढे टाकणार की नाही टाकणार, ते बाल्कनीला कळतच नाही. लागूंचा शेवटचा शब्द कधी गिळलेला मला ऐकू आला नाही. हळू बोलले, पुटपुटले, रडले, तरी वाक्य संपेपर्यंत श्वास शिल्लक असायचा. मोठी स्वगतं पेलायची तर याच्याशिवाय दुसरी युक्ती नाही. संहिता घे आणि श्वास कुठे घ्यायचा त्या जागी पेन्सिलीने खुणा कर. मग त्या खुणांबरहुकूम पाठ कर. हे कंटाळवाणं आहे. करतात फार थोडे.

दुसरं असं की बेलवलकर हा नुसता म्हातारा नाही. तो म्हातारा झालेला नट आहे. रंगमंचावर ज्याच्या एका हाताच्या इशाऱ्याने थिएटर गप्प व्हायचं, असा माणूस मुलाच्या घरात अडगळ होतो, मुलीच्या घरात त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मग रस्ता, मग बूटपॉलिशवाल्या पोराची सोबत. लागू कंबर वाकवून फिरत नव्हते. ऐट शाबूत ठेवायचे. ती ऐट भलत्या जागी, म्हणजे सुनेसमोर, जावयासमोर उघडी पडायची, आणि म्हातारपण दिसायचं ते तिथे. तुझा म्हातारा आयुष्यभर कोण होता? शिपाई, गवंडी, हेडमास्तर? ते आधी ठरव. त्याच्या हातांना कशाची सवय होती ते शोध. थरथर नंतर बघू. बहुतेक लागणारच नाही.

हे नाटक जन्माला आलं त्याची हकिकतही तुझ्या कामाची आहे. थोर नट नानासाहेब फाटक यांना शेक्सपिअरचं 'किंग लियर' करायचं होतं आणि त्याचं मराठी रूप करून द्या म्हणून ते शिरवाडकरांच्या मागे होते. शिरवाडकर लियर घोळवत बसले आणि शेवटी कागदावर उतरला तो मराठी रंगभूमीवरचा निवृत्त नट. तेव्हा लियर वाच. आणि लागूंची चित्रफीत पाहशील तेव्हा नक्कल करायला बसू नकोस. दत्तारामांनी हीच भूमिका केली, सतीश दुभाषींनी केली, यशवंत दत्तांनी केली, २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी केली. चालले ते सगळे आपापल्या चालीने.

विषयांतर होतंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हाताऱ्याला घर न मिळण्याचं हे नाटक ज्या गोवा हिंदू असोसिएशनने केलं, त्याच संस्थेने पुढे गोव्यात बांदोड्याला 'स्नेहमंदिर' हा वृद्धाश्रम उभा केला. संस्थेचे रामकृष्ण नायक त्यातच रमले. नाटकं बंद पडल्याची हळहळ मलाही वाटते, पण तक्रार करवत नाही.

एवढा मोठा नट, पण हिंदीत बघावं तर कुठे नायकाचा बाप, कुठे जज्ज, कुठे पोलिस अधिकारी. का केली असतील असली कामं? वाईट वाटतं.
— एक निवृत्त गिरणी कामगार, लालबाग

वाईट मलाही वाटायचं. हिंदी-मराठी मिळून शंभरावर चित्रपट आहेत त्यांचे, आणि त्यातले बरेच हिंदी असे की लागू पडद्यावर आले काय न आले काय, कथेला फरक पडत नाही. त्यांची तरफदारी करणार नाही. फक्त एवढं की प्रायोगिक नाटकाने कुणाच्या घरचं वाणसामान भरल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि लागू ती नाटकं करत राहिले. पैसे कुठून तरी यायलाच हवे होते.

पण तुम्ही लालबागचे, म्हणजे दहा बाय बाराची खोली तुम्हाला सांगायला नको. तुम्ही 'घरौंदा' पाहाच. १९७७ चा, दिग्दर्शक भीमसेन. अमोल पालेकर आणि झरीना वहाब ही नोकरी करणारी जोडी लग्नाआधी मुंबईत डोक्यावर छप्पर हवं म्हणून पै-पै जमवते आणि बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. लागू त्यात तिचे साहेब, मोदी. वयस्कर, विधुर, पैसेवाले, हृदयाचं दुखणं असलेले. या मोदीला खलनायक करणं किती सोपं होतं! साहेब आहे, पैसा आहे, तरुण मुलीवर डोळा आहे. लागूंनी त्याला एकटा माणूस केलं. आपल्याला कुणी फसवू पाहतंय की काय, याची शंका असलेला आणि तरीही चांगुलपणा न सोडणारा. पालेकरांची बाजू घ्यायला बसलेला प्रेक्षक हळूच मोदीच्या बाजूला सरकतो आणि त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं होतं. या कामाला सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. शहरातल्या जागेच्या टंचाईवर अग्रलेख बरेच झाले, मला मात्र मोदींचं ते मोठं, रिकामं घर आठवतं.

रिचर्ड ॲटनबरोंच्या 'गांधी'त ते गोपाळ कृष्ण गोखले झालेत. काम थोडं आहे, पण गोखले ज्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे तिथेच लागू शिकले, ही गंमत मला आवडते. मृणाल सेन यांचा 'एक दिन अचानक' मिळाला तर सोडू नका. एक प्राध्यापक पावसात घराबाहेर पडतो आणि परतच येत नाही. चित्रपटभर बाकीचे त्याच्याबद्दल बोलत राहतात, तो दिसतो तो घरच्यांच्या आठवणींत. तुमच्या 'जज्ज'च्या भूमिकांचा राग तिथे निम्मा तरी उतरेल.

काशिनाथ घाणेकर, प्रभाकर पणशीकर, दत्ताराम की लागू? पहिला नंबर कुणाचा? चौघा मित्रांत वडापावची पैज लागली आहे.
— अंधेरी

चौघंही हरलात. वडापाव संपादकांच्या पत्त्यावर पाठवा, चटणी वेगळी बांधा.

(घाणेकरही डॉक्टरच होते, दातांचे. म्हणजे त्या काळी मराठी रंगभूमीवर कुणाला काही दुखलं तरी सोय होती.)

डॉ. लागू देव मानत नव्हते म्हणे. मग नाटकाआधी नटराजाला नारळ फोडायच्या वेळी काय करत असतील? आणि देव न मानणारा माणूस भाविकाची भूमिका मनापासून कशी करणार?
— एक वाचक, गिरगाव

मानत नव्हते, आणि कुजबुजत नव्हे, व्यासपीठावरून सांगत. 'परमेश्वराला आता रिटायर करा' हे त्यांचं म्हणणं खूप गाजलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर त्यांनी गावोगाव 'विवेकजागराचा वादसंवाद' केला. त्यात एकाच मंचावर लागू देव नाकारायचे आणि दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलन समितीची बाजू मांडायचे, की आमचा विरोध देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. एकाच चळवळीतली दोन माणसं लोकांसमोर मतभेद मांडतात आणि संध्याकाळी एकाच गाडीने पुढच्या गावी जातात! आपल्याकडे सोसायटीच्या सभेतही हे जमत नाही.

भूमिकेचं म्हणाल, तर नटाने खून केल्याशिवाय खुनी उभा राहत नाही असं कुणी म्हणत नाही, मग भाविकाच्या बाबतीत का म्हणायचं? माणूस कशावर विश्वास ठेवतो आणि का, याचं कुतूहल असलं की पुरतं. लागूंना ते भरपूर होतं. सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ मध्ये, मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये ते सॉक्रेटिस झाले. दिग्दर्शन अतुल पेठे यांचं. प्रश्न विचारत राहिल्याबद्दल मरण पत्करणारा म्हातारा. त्या भूमिकेत मला नट आणि माणूस वेगळे काढता आले नाहीत, आणि काढावेत असं वाटलंही नाही.

शिवाय नुसती भाषणं दिली असंही नाही. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग झाले, त्यात निळू फुले, तनुजा यांच्याबरोबर लागूही उभे राहिले. तिकिटाचा पैसा कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी. मुलगा तन्वीर गेल्यावर लागू पतीपत्नींनी रूपवेध प्रतिष्ठानतर्फे त्याच्या नावाने 'तन्वीर सन्मान' सुरू केला, रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्यांसाठी.

त्यांनी दिग्दर्शनही केलं का?
— वसई

केलं, वीसहून जास्त नाटकांचं. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' १९७० मध्ये रंगमंचावर आणलं ते लागूंनीच. घरातल्या माणसांनीच एकमेकांचे लचके तोडण्याचं ते नाटक, लुगड्यावरच्या लाल डागापर्यंत सेन्सॉरने हरकती घेतल्या. 'नटसम्राट'चं वर्षही तेच, हे लक्षात घ्या. मे महिन्यात 'गिधाडे' आणि डिसेंबरात बेलवलकर. प्रेमानंद गज्वींचं 'किरवंत'ही त्यांनी दिग्दर्शित केलं. स्मशानातले विधी करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचीच जात कशी दूर ठेवते, हा विषय व्यावसायिक निर्मात्याकडे घेऊन गेलात तर तो चहा पाजेल आणि निरोप देईल.

मुलं दहावी-बारावीत आहेत, मराठी चित्रपटांना नाकं मुरडतात. लागूंचा एकच दाखवायचा तर कुठला?
— वाशी

'सामना'. १९७५ चा, जब्बार पटेल दिग्दर्शक, लेखन विजय तेंडुलकर. साखरसम्राट हिंदूराव झालेत निळू फुले आणि त्याच्या राज्यात भटकत आलेला दारुडा मास्तर म्हणजे लागू. मारुती कांबळेचं काय झालं, एवढा एकच प्रश्न तो मास्तर सोडत नाही. बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत हा चित्रपट गेला होता, हे मुलांना आधी सांगू नका. परदेशी शिक्का बघून आवडला म्हणतील. निळूभाऊ सगळी मोकळी जागा व्यापून बसतात आणि लागू आक्रसून, अंग चोरून वावरतात, तरी आपली नजर कुणावर जाते ते मुलांना विचारा. दोघं समोरासमोर बसलेत अशी दृश्यं दोनदा बघा.

आवडला तर 'सिंहासन' लावा. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, १९७९ चा. मुख्यमंत्री अरुण सरनाईक आणि त्यांची खुर्ची ओढायला टपलेले अर्थमंत्री विश्वासराव म्हणजे लागू. रोजच्या बातम्या बघणाऱ्या मुलांना काही समजावून सांगावं लागणार नाही. शांतारामबापूंचा 'पिंजरा' मात्र शेवटी ठेवा. लागू त्यात उत्तम आहेत, पण आजच्या मुलांना तो सूर चढा वाटेल आणि तुमचा बेत फसेल.

शिवाजी मंदिरला पहिल्यांदाच नाटकाला जातेय, मैत्रिणी म्हणतात पहिल्या रांगेचं तिकीट काढ. काढू का?
— प्रभादेवी

नको. पहिल्या रांगेतून नटांचे पाय दिसतात आणि मान दुखते. प्लॅन उघडल्या दिवशी, म्हणजे तिकीटविक्री सुरू होते त्या दिवशी, सकाळी खिडकीवर जा किंवा मोबाइलवरून काढा, पण सहावी ते दहावी रांग मागा, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची. पैसे कमी असतील तर बाल्कनीची पहिली रांग. आवाज तिथपर्यंत येतो की नाही, यावरून नटाची पारखही होते. मध्यंतराचा बटाटेवडा हवा असेल तर पडदा पडायच्या आधी उठू नका, मागचे लोक शिव्या घालतात. पडला की मात्र धावा.